एक इंच आत

"मास्तर, हा मापाचा. नवा ड्रेस कमरेत यापेक्षा एक इंच आत पाहिजे."

निलेशने पिशवीतून ड्रेस काढून माझ्या टेबलावर टाकला. एका हाताने टाकला, दुसऱ्या हातात मोबाइल. मी विचारलं, "ती स्वतः कुठाय?"

"तिला टाइम नाय मास्तर. आज राजापूर, उद्या कुडाळ, परवा गोवा. पुढच्या शनिवारी इथे रत्नागिरीत महोत्सव. आठ दिवस आहेत तुमच्याकडे. बारा डान्सरचे बारा आणि तिचा एक. तिचा मेन. तो अंगाला चिकटला पाहिजे."

एवढं बोलून तो गेला. खाली गाडी चालूच होती.

निलेश म्हणजे सानिकाचा मॅनेजर. मुंबईचा. सानिका म्हणजे ती गाणारी पोरगी. तिचं नाव मी इथे बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "लिहा आजोबा, पण माझं माप लिहू नका." म्हणून पुढे कुठेही तिच्या मापाचा आकडा येणार नाही.

मापाचा कपडा म्हणजे काय ते सांगतो. गिऱ्हाईक स्वतः येत नाही. नीट बसणारा आपला जुना कपडा पाठवतं. त्यावरून आम्ही नवा बेततो. आमच्याकडे बायका पूर्वीपासून असंच करतात. परक्या पुरुषाने अंगाला टेप लावायचा नाही, त्यापेक्षा मापाचं पोलकं पाठवलेलं बरं. मी पन्नास वर्षं अशाच कपड्यांवर धंदा केला. त्यात काही खोट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी चौथी शिकलो. पुढे राजापुरात एका मास्तरांच्या हाताखाली आठ वर्षं. पहिली दोन वर्षं नुसती काजं-बटणं. मग रत्नागिरीत स्वतःचं दुकान टाकलं. माझं माप चुकत नाही. हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

पण खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी दुकान बसलंच होतं. रेडिमेडपुढे कोण टिकणार? पॅन्ट खालून कापून दे, चेन बदलून दे, एवढंच काम उरलं होतं. मुलगा मुंबईत नोकरीला, सून इथे माझ्याजवळ. तो म्हणायचा, नाना, शटर ओढा आता. मी ओढणार नव्हतो, पण उघडं ठेवून करायचं काय हेही कळत नव्हतं.

तेव्हा ही सानिका पहिल्यांदा आली. नववीत होती. आईबरोबर गावाहून यष्टीने आली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणार होती, आणि हातात खणाचा तुकडा. त्यात परकर-पोलकं बसेना. पोलकंसुद्धा जेमतेम. मी म्हटलं, "याचं जाकीट होईल. बिनबाह्यांचं. खाली काय घालशील?"

"जीन्स घालू?"

"घाल. तुझे पाय, तुझी पॅन्ट."

तिची आई हसली. मी जाकीट शिवलं. ते घालून तिने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. त्यांच्या वाडीच्या थांब्यावर यष्टी कधी थांबत नाही, यावरचं गाणं. ड्रायव्हरला टोमणे, कंडक्टरला टोमणे, मधे गाडीच्या हॉर्नचा आवाज तोंडाने. कोणीतरी मोबाइलवर घेतलं. मुंबईच्या चाकरमान्यांनी ते आपापल्या गावच्या ग्रुपवर टाकलं. महिन्याभरात ते गाणं रिक्षात, लग्नात, गणपतीच्या मिरवणुकीत. मग मुंबईची कंपनी आली, चांगलं रेकॉर्डिंग झालं, व्हिडिओ झाला. पोरगी अकरावीत जाईपर्यंत तिच्या नावाचे बोर्ड हातखंब्याच्या नाक्यावर लागले होते.

आणि माझ्याकडे पोरी यायला लागल्या. "आजोबा, सानिकासारखं जाकीट." मी बंद पडलेलं दुसरं मशीन तेल घालून चालू केलं. सत्तरी ओलांडल्यावर या पोरीने मला पुन्हा कारागीर केलं. हे तिचे उपकार आहेत आणि मी ते विसरलेलो नाही. तिचा प्रत्येक कपडा मीच शिवला. मुंबईचा डिझायनर नको म्हणून ती हटून बसली होती.

आता माझी चूक सांगतो.

गणपतीनंतर तिचा एक ड्रेस परत आला होता. चिठ्ठी होती, "सैल होतोय." मी भडकलो. माझं माप, सैल? सुनेला म्हटलं, हिने दुसऱ्या कोणाकडे तरी हात फिरवून घेतला असणार. सून अर्चना म्हणाली, "बारीक झाली असेल." मी म्हटलं, "दीड महिन्यात?" आणि ड्रेस आत घेऊन, वर रागाने इस्त्री मारून पाठवून दिला. कपडा का सैल झाला हे मी कपड्यालाच विचारत बसलो. शिंप्याची अक्कल तेवढीच.

तर निलेश गेल्यावर मी हा मापाचा ड्रेस उलटा केला.

वाढत्या वयाच्या पोरीचा कपडा शिवताना आम्ही शिलाईच्या आत दोन्ही बाजूंना कापड राखून ठेवतो. त्याला दाब म्हणतात. पोरगी भरली की शिलाई उसवायची, दाब सोडायचा, कपडा आणखी वर्षभर जातो. हा ड्रेस मीच चार महिन्यांपूर्वी शिवला होता आणि दाब भरपूर ठेवला होता. माझी मशीनची शिलाई जागेवर होती. तिच्या आत, अर्ध्या बोटावर, दुसरी शिलाई होती. हाताची. लाल दोऱ्याची. तिच्या आत तिसरी, पांढऱ्या दोऱ्याची. तिच्याही आत चौथी. ती काळ्या दोऱ्याची आणि घाईची, टाके लांब-लांब. शाळेत शिवणकामाच्या तासाला शिकवतात तसला धावदोरा. पुढे काखेखाली सेफ्टी पिनांची भोकं.

म्हणजे चार महिन्यांत हा ड्रेस तीनदा आत घेतला होता. आणि घेणारा हात शिंप्याचा नव्हता.

मी अर्चनाला हाक मारली. "बघ. माझ्या शिलाईला कोणी हात लावला बघ."

तिने ड्रेस खिडकीपाशी नेला. आतली एकेक शिलाई नखाने चाचपली. मग म्हणाली, "नाना, तुमची शिलाई राहू दे बाजूला. ती पोरगी जेवत नाय."

"कशावरून?"

तिने मोबाइल काढला. सानिकाच्या व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते वाचून दाखवलं. मला मोबाइलवरचं भराभर वाचता येत नाही. पहिल्या माणसाने लिहिलं होतं, गाणं बरं आहे पण पोट आत घे. दुसऱ्याने म्हैस म्हटलं होतं. तिसऱ्याने लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. मी म्हटलं, "बंद कर."

सोळा वर्षांची पोर. लिहिणारे बापये, मोठी पुरुषमाणसं. काहींच्या फोटोत मांडीवर स्वतःची पोरं बसलेली.

मी निलेशला फोन लावला.

"ड्रेस होणार नाही."

"काय? मास्तर, मस्करी करू नका."

"पोरगी इथे येऊ दे. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कात्री लावणार नाही."

"अहो, मापाचा दिलाय ना! तुम्हीच आजवर घेत आलात की."

"घेत होतो. आता नाही."

"मास्तर, हा तुमचा इगो आहे. मी बाराच्या बारा ड्रेस मुंबईहून रेडिमेड आणू शकतो. तिचासुद्धा."

"आण. फक्त पोरीला एकदा दुकानात पाठव. त्याचं तुझ्याकडून काही घेणार नाही."

शेवटी तो म्हणाला, "उद्या सकाळी दहा मिनिटं. कुडाळला जायचंय."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला रिक्षा आली. सानिका, तिची आई, मागून गाडीत निलेश. सानिकाने तोंडाला मास्क लावला होता, कोणी ओळखू नये म्हणून. वर ढगळ जॅकेट. डिसेंबर असला तरी रत्नागिरीत तेवढी थंडी नसते. जिना चढून वर आली आणि माझ्या स्टुलावर बसली ती बसलीच. तेरा पायऱ्या आहेत फक्त.

आमच्याकडे बायकांचं माप अर्चना घेते. पडद्यामागे. ती आकडे बोलते, मी बाहेर वहीत उतरवतो. त्या दिवशी तिने पहिला आकडा सांगितला आणि मी म्हटलं, "परत घे." तिने परत घेतलं. तोच. दुसरा आकडा. "परत घे." तिसऱ्याला ती पडद्याआडून ओरडली, "नाना, टेप बरोबर हाय! लिहा तुम्ही!"

मग आकडे थांबले. पडद्यामागे दोघी हळू बोलत होत्या. काय बोलल्या ते अर्चनाने मला तेव्हाही सांगितलं नाही, आजही नाही. बायकांचं होतं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. सानिकाच्या आईला म्हणाली, "वहिनी, हिला आज डॉक्टरकडे न्या. उद्या नको. आज."

आईला राग आला. येणारच. "म्हणजे माझी पोर उपाशी ऱ्हाते असं म्हणायचंय काय तुम्हाला? पहाटे उठून डबा देते मी. भात, कालवण, चपात्या. डबा रोज रिकामा येतो."

मी सानिकाकडे बघितलं. ती मास्कची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"डबा कोण खातं गो?" मी विचारलं.

"डान्सच्या मुली," ती म्हणाली. "त्यांना आवडतं आईच्या हातचं."

तिची आई खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे. जमिनीवरच बसली.

माझा सगळा राग निलेशवर निघाला. "तू! एक इंच आत म्हणे! लाज नाय वाटत? पोरीच्या अंगावर आहे काय आत घ्यायला?"

निलेशने मोबाइल खाली ठेवला. पहिल्यांदाच बघितलं मी त्याला मोबाइल खाली ठेवताना. "मास्तर, शप्पथ. तो इंच मी नाय सांगितला. तिनेच सांगितला. आणि म्हणाली, तुझं नाव सांग, नाहीतर आजोबा ऐकणार नाहीत."

मी सानिकाकडे वळलो. तिने मान वर केली. आता ती चिडली होती.

"तुम्हाला नाय कळणार आजोबा. तुम्ही वाचल्यात काय कमेंट?"

"अर्चनाने वाचल्या. तीन ऐकल्या आणि बंद कर म्हटलं. तू किती वाचतेस?"

"सगळ्या."

"सगळ्या?"

"झोपायच्या आधी. सकाळी उठल्यावर. गाडीत." मग तिचा आवाज बारीक झाला. "आधी एकाने लिहिलं म्हणून भात सोडला. मग कमी लिहायला लागले. मग वाटलं, अजून थोडं केलं तर थांबतील."

"थांबले?"

"नाय. आता लिहितात, आजारी दिसते."

आणि मग तिने ती गोष्ट सांगितली जी निलेशलाही माहीत नव्हती. दुसऱ्या गाण्यात श्वास पुरत नाही. वरचा सूर लागत नाही, डोळ्यांपुढे काळं येतं. तेव्हा ती माइक लोकांकडे धरते, तुम्ही म्हणा म्हणून. लोकांना वाटतं, काय झकास पोरगी आहे, आपल्याला गायला लावते. राजापूरला आदल्या दिवशी पाच गाण्यांतली अडीच लोकांनीच म्हटली होती.

"गाता येईना झालं तर काय करू मी?" ती म्हणाली. "दुसरं मला काय येतं?"

हाच प्रश्न मी त्याच्या दोन वर्षं आधी रोज स्वतःला विचारत होतो. या बंद पडत आलेल्या दुकानात बसून. पण मी एकाहत्तरचा होतो तेव्हा. ही सोळाची.

अर्चनाने पेज आणली. उकड्या तांदळाची, वर मीठ. सानिकाने चार चमचे घेतले. पाचव्याला तिचा हात थांबला. आई म्हणाली, "खा गो." अर्चनाने आईचा हात दाबला आणि वाटी उचलून नेली. मी वाद घालणार होतो, पण सुनेने माझ्याकडे असं बघितलं की मी वही उघडून बसलो.

कुडाळचा कार्यक्रम रद्द झाला. निलेशने जिन्यात उभं राहून फोन केले. शिव्या खाल्ल्या. मला ऐकू येत होतं. वर येऊन म्हणाला, "मास्तर, मी वाईट माणूस नाय."

"मी म्हटलंय काय?"

"म्हटलंत की मघाशी."

"मग घेतो परत."

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. रक्त फार उतरलं होतं, नाडी मंद होती. त्या म्हणाल्या, हा नुसता अशक्तपणा नाही, मनाचंही आहे, औषधाने आठ दिवसांत जाणारं नाही. गावातल्याच एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. समुपदेशक म्हणजे बोलून बोलून उपाय करणाऱ्या बाई. मला आधी हसू आलं. नंतर आलं नाही. गोव्याला जायचं नाही, शनिवारी नाचायचं नाही, बसून दोन गाणी चालतील, तीही तिला झेपली तर. असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं.

आता माझं काम सुरू झालं. ड्रेस कसा करायचा? अंगावर बेतून चिकटता शिवला तर तिची हाडं दिसणार, आणि लोक लिहिणार. ढगळ शिवला तर लटकणार, तरी लिहिणार. शिवाय आज बसेल तो चार महिन्यांनी बसला नाही पाहिजे, तोवर ती भरली पाहिजे. हे मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा मनात धरून कापड हातात घेतलं. एरवी शिंपी बरोब्बर बसावं म्हणून शिवतो.

दोन दिवस मी कागद कापत बसलो. शेवटी जाडसर खण घेतला, तो स्वतःचा आकार धरतो, अंगाचा धरत नाही. जाकीट खांद्यावरून सरळ खाली सोडलं. पाठीला बटणं, चेन काही नाही. दोन्ही बाजूंना भोकं आणि मधून रेशमी नाडी, बुटाला असते तशी. आवळली की आत, सोडली की बाहेर. खाली पायघोळ घागरा, कमरेला तीही नाडीच. बसली की घेर चारी बाजूंना पसरेल असा. अर्चना म्हणाली, "नाना, हा तुमचा सगळ्यात चांगला." मला ते आधीच माहीत होतं.

ट्रायलला सानिका आरशापुढे उभी राहिली. वळून पाठ बघितली. "इंच आत घेतलात?"

"नाडी तुझ्या हातात आहे. मला विचारू नकोस."

शनिवारी मैदान भरलं होतं. मी स्टेजच्या बाजूला सुई-दोरा घेऊन उभा. निलेशने आधी दोन दुसरे गाणारे लावले. मग स्टेजवर स्टूल आलं आणि ती येऊन बसली. पुढच्या रांगेतून एक जण ओरडला, "अगो नाच की! बसलीस काय?"

तिने माइक तोंडाशी धरला. मला वाटलं, आता लोकांकडे धरणार. तिने धरला नाही. म्हणाली, "आज नाचणार नाय. बरं नाय मला. गाणं मात्र मीच म्हणणार हाय, तुम्ही मधे म्हणू नका."

लोक हसले. तिने यष्टीचंच गाणं घेतलं, पण संथ. एका जागी सूर हलला. तिने थांबून श्वास घेतला आणि तीच ओळ परत म्हटली. दुसरं गाणं पुरं झालं नाही. अर्ध्यावर तिने हात जोडले आणि आत आली. तिच्या आईने तिला धरलं. मी नाडी सैल केली. पाठ घामाने भिजली होती.

"आजोबा, पूर्ण नाय झालं," ती म्हणाली.

"जेवढं झालं तेवढं तुझं होतं," मी म्हटलं.

त्याला दोन वर्षं होत आली. एका पेजेने कोणी बरं होत नाही, हे मी शिकलो. मधे ती दोनदा पुन्हा घसरली. एकदा दवाखान्यात राहावं लागलं. वर्षभर कार्यक्रम बंद. तेवढ्यात दुसरी एक पोरगी आली, तिची गाणी रिक्षात वाजायला लागली. हातखंब्याचे बोर्ड उतरले. निलेशने सोडून दिलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. सानिकाचा मोबाइल तिची आई ठेवते आणि कमेंटा निलेश वाचतो. तो म्हणतो, मला म्हैस म्हणा, मला काय फरक पडतो. बारावी झाली. आता महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम करते, आणि पाचही गाणी स्वतः म्हणते.

बारा डान्सरचे ड्रेस मात्र मुंबईहूनच येतात आता. येऊ देत.

मी पुष्कळांचा ऋणी आहे. त्या आईचा, जी जमिनीवरून उठून सरळ दवाखान्यात गेली, माझ्याशी भांडत बसली नाही. डॉक्टरीणबाईंचा. माझ्या सुनेचा, जिचं मी आधी ऐकलं नव्हतं. आणि त्या पोरीचा, जिने माझं दुकान वाचवलं आणि नंतर मला, पन्नास वर्षांच्या कारागिराला, एवढे आडवे प्रश्न विचारू दिले. तिने ऐकलं नसतं तर मी काय करणार होतो?

परवा ती नव्या जाकिटासाठी आली होती. अर्चनाने आकडे सांगितले, मी उतरवले. एकदाही परत घे म्हणालो नाही. तिनेही विचारलं नाही, किती आला म्हणून.

धंद्यात येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कपडा सैल झाला म्हणून परत आला, तर टेप शोधू नका, वही उघडू नका, गिऱ्हाइकावर तर मुळीच चिडू नका. आधी विचारा, जेवलात काय.